सोलापूरला भाषण द्यायला गेलो होतो

चिपळूणहून सकाळी सहाची कराड गाडी धरली तेव्हा माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. एकीत दोन दिवसांचे कपडे आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. दुसरीत आमच्या मासिकाच्या एका जुन्या अंकाच्या पंचवीस प्रती. दुसरी पिशवी जड होती, पण ती मी टपावर टाकू दिली नाही, मांडीवर घेऊन बसलो.

मी फॅमिली डॉक्टर आहे. तीस वर्षं एकाच गल्लीत दवाखाना आहे. गेली अकरा वर्षं फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेचं एक छोटं मासिकही चालवतो. चोवीस पानं असतात. नोंदणीचे बदललेले नियम, कुठे दवाखान्यावर दगडफेक झाली, कुठल्या शिकाऊ डॉक्टरांचं विद्यावेतन रखडलं, कोण निवृत्त झालं, अशा बातम्या. बाहेरच्या माणसाला कंटाळवाणं वाटेल, पण आमच्या लोकांना त्यातून आपण एकटे नाही एवढं कळतं.

दोन वर्षांपूर्वी या मासिकात एका शिकाऊ डॉक्टर मुलीचं पत्र आलं. सलग तीस तासांच्या ड्यूटीनंतर वॉर्डात उभ्या उभ्या तिचा डोळा लागला, म्हणून वरिष्ठांनी पेशंटांसमोर केसपेपर तिच्या अंगावर फेकला आणि तिला बाहेर काढलं, असं ते पत्र होतं. नाव छापू नका, असं तिने वर लिहिलं होतं. नाव मी छापलं नाही. पण पत्रात शेवटी दोन वाक्यं होती: "वॉर्डाबाहेरच्या पायऱ्या पुसणाऱ्या बाईने मान वर केली नाही. ती माझी आई होती." यातल्या दुसऱ्या वाक्याचा मी मथळा केला. तो अंक राज्यभर फिरला. लोकांनी पानाचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. मला भाषणांना बोलावणी येऊ लागली. शिकाऊ डॉक्टरांचा कैवारी, अशी माझी ओळख करून देऊ लागले. मला ते आवडत होतं. पुढचं वाचण्याआधी एवढं वाचकांना ठाऊक असावं.

सोलापूरच्या मंडळींनी जानेवारीत अधिवेशन ठेवलं होतं. माझ्या भाषणाचा विषय होता 'शिकाऊ डॉक्टरांचा आवाज'.

कुंभार्ली घाट धुक्यात चढलो आणि कराडला गाडी बदलली. विटा मागे पडल्यावर माझ्यासारख्या कोकण्याला पहिल्यांदा मोकळं वाटलं आणि मग थोडं उघडंही. आमच्याकडे नजर टाकली की पाच पावलांवर एखादं झाड ती अडवतं. इथे नजर जाते ती जातच राहते. सांगोल्याच्या अलीकडे डाळिंबाच्या बागा, त्यांवर पांढरी कापडं घातलेली, मग पुन्हा माळ.

सांगोल्याला एक बाई शेजारी येऊन बसल्या. अंगणवाडीत शिकवत होत्या, मंगळवेढ्याला माहेरी निघाल्या होत्या. गाडी एका खड्ड्यात आदळली आणि माझ्या मांडीवरची पिशवी घसरून अंक पायाशी पसरले. त्यांनी वाकून गोळा केले आणि एक हातातच ठेवला.

"वाचू का?"

"वाचा की," मी म्हणालो. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं याचा मला आनंदच झाला.

त्या ओठ हलवत सावकाश वाचत होत्या. शेवटाशी आल्यावर थांबल्या आणि पदराने डोळे टिपले. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे होतं.

"लई चांगलं लिवलंय वो," त्या म्हणाल्या. "मग त्या आईचं फुडं काय झालं?"

"पुढं म्हणजे?"

"म्हंजे हे छापून आल्यावर. ती तितंच कामाला हाय का अजून?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"इचारलं न्हाय तुमी?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी अंक घडी न मोडता परत दिला. मंगळवेढ्याला उतरताना त्यांनी पिशवीतून मूठभर हुरडा (भाजलेली कोवळी ज्वारी) काढून माझ्या हातावर ठेवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच ज्वारीची काळ्या जमिनीत माणसापेक्षा उंच ताटं उभी होती. हुरडा गोड होता, पण मला तो नीट चावता आला नाही.

बेगमपूरजवळ भीमा ओलांडली आणि चारच्या सुमाराला सोलापुरात पोचलो. स्टेशनजवळ आमची राहण्याची सोय केली होती. लॉजचे मॅनेजर फोनवर तेलुगूत बोलत होते, माझ्याशी मराठीत बोलले आणि रिक्षावाल्याशी दख्खनीत. तिन्ही भाषा त्यांनी एका दमात वापरल्या. खोलीत पलंगावर मोरांची नक्षी असलेली चादर होती. इथे ती कुणी कौतुकाने दाखवत नाही, ती असतेच.

संध्याकाळी लवकरच जेवायला बाहेर पडलो. ताटात कडक भाकरी आली, पापडासारखी वाळलेली. मी ती तोंडाने तोडायला गेलो आणि हिरडीला लागलं. वाढणारे काका हसले. "अशी न्हाय साहेब. चुरायची. वर आमटी ओता, शेंगाचटणी घ्या, दही घ्या, आणि मग हाणा." मी तसं केलं. शेंगाचटणी जिभेवर आधी शांत असते आणि मग घशात जाऊन बोलते. मला ठसका लागला, काकांनी पाणी दिलं, आणि त्या एका जेवणापुरता मी निर्धास्त होतो.

अधिवेशन दुसऱ्या दिवशी एका मंगल कार्यालयात होतं. दीडशेच्या आसपास डॉक्टर होते. बार्शीहून, माळशिरसहून, पार उस्मानाबादकडूनही आलेले. सकाळी एका डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्याची काच कशी फुटली आणि काच फोडणाऱ्याचाच मुलगा पुढच्या आठवड्यात तापाने फणफणून त्यांच्याकडे कसा आला, ते सांगितलं. सगळे हसले, पण ते डॉक्टर हसत नव्हते. मग विद्यावेतनाचा ठराव झाला, ड्यूटीच्या तासांवर मर्यादा घालावी असा ठराव झाला. आणि मग मी.

भाषण चांगलं झालं. तसं ते नेहमीच होतं, कारण मला कुठे थांबायचं ते ठाऊक झालं होतं. पत्र वाचून दाखवलं, शेवटच्या वाक्याआधी एक श्वास थांबलो, आणि वाक्य सोडलं. सभागृह चिडीचूप झालं. मग टाळ्या.

प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. गळ्यात ओळखपत्र होतं, ते तिने तळहाताने झाकलं होतं.

"सर, मला पण लिहायचंय. पण नाव गुप्त राहील ना? नक्की?"

"शंभर टक्के," मी माइकमधून म्हणालो. पुन्हा टाळ्या.

जेवणाच्या वेळी डॉ. बिराजदार माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. सत्तरीच्या जवळचे, पांढऱ्या सदऱ्यातले. गिरणी कामगारांच्या वस्तीत त्यांनी चाळीस वर्षं दवाखाना चालवला, असं आदल्या वक्त्याने सांगितलं होतं.

"छान बोललात की," ते म्हणाले. "ती मुलगी आमच्याच भागातली हाय. अक्कलकोटच्या पलीकडं दवाखान्यात बसते आता."

"कोण मुलगी?"

"पत्रातली. तुम्हांला ठाऊक असेल की."

माझ्या ताटातला हात थांबला. पत्र दुसऱ्याच शहरातल्या रुग्णालयातून आलं होतं. ती सोलापूरची असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. बिराजदार माझ्या तोंडाकडे बघत सावकाश बोलत राहिले. अंक निघाल्यावर आठवड्याच्या आत रुग्णालयातल्या सफाईच्या कंत्राटदाराने बायकांना रांगेत उभं करून विचारलं, कुणाची लेक इथे डॉक्टर आहे. मायलेकी तिथे एकमेकींना ओळख दाखवत नसत, आईनेच तसं ठरवलं होतं. पण बरोबरीच्या बायकांना माहीत होतं, आणि एकीच्या तोंडून गेलं. आईला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. लेकीच्या लॉगबुकवर (शिकाऊ डॉक्टराने केलेल्या कामाची वही) सहा महिन्यांच्या सह्या कुणी करेना. त्या सह्यांशिवाय परीक्षेला बसता येत नाही. शेवटी ती पदव्युत्तर शिक्षण अर्धं टाकून गावी आली आणि दवाखाना उघडला.

"तुम्हांला काहीच माहीत नव्हतं?" बिराजदारांनी विचारलं.

"नव्हतं," मी म्हणालो.

हे खरंही होतं आणि खोटंही. घडलं ते मला ठाऊक नव्हतं. पण अंक निघण्याआधी त्या मुलीचा मला एक मेसेज आला होता. "सर, आईचं वाक्य काढाल का? बाकी सगळं राहू द्या. आई अजून तिथेच कामाला आहे." दोन पेशंटांच्या मधल्या चहाच्या वेळी मी तो वाचला होता. मी उत्तर पाठवलं, "अंक छपाईला गेला आहे. काळजी नको, नाव कुठेही नाही."

अंक छपाईला गेला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

अंक आल्यावर तिचे दोन फोन आले होते. मी पेशंट तपासत होतो, म्हणून उचलले नाहीत. नंतरही केले नाहीत.

दुपारच्या सत्रात माझा सत्कार झाला. खांद्यावर चादर घातली. फोटोत मी हसताना दिसतो आहे.

दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी सकाळची होती. मी ती सोडली. बिराजदारांना फोन करून गावाचं नाव विचारलं. त्यांनी "कशाला?" असं विचारलं नाही, फक्त म्हणाले, "जा. पण आधी कळवू नका. कळवलंत तर ती नको म्हणेल." मी त्यांचं ऐकलं. ते बरोबर होतं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

अक्कलकोटच्या गाडीत दर्शनाला निघालेली माणसं होती, हातात नारळ आणि फुलं. कंडक्टर एका बाकावर मराठी बोलत होते आणि पुढच्या बाकावर कानडी. अक्कलकोटला उतरल्यावर वडाप (गावागावांत माणसं नेणारी जीप) शोधली. माझ्यासोबत तुरीची पोती होती, दोन म्हातारे होते आणि एक आजी होत्या. आजींनी मला विचारलं, "ऊटा आतेन्री?" मी गोंधळलो तेव्हा त्यांनीच हसून सांगितलं, "जेवान झालं का, म्हनते." इथे अनोळखी माणसाला पहिला प्रश्न हाच विचारतात. गावाचं नाव मी लिहीत नाही. मुलीचं नावही वेगळं आहे, मी तिला सुनंदा म्हणणार आहे. हे सगळं लिहायला तिची परवानगी घेतली आहे, आणि काय वगळायचं ते तिने ठरवलं आहे.

दवाखाना रस्त्याला लागूनच होता. दोन खोल्या, पुढे पत्र्याची सावली, सावलीत दोन बाकं. पाटीवर वेळा मराठीत आणि कानडीत लिहिल्या होत्या. पन्नाशीच्या एक बाई आल्यागेल्याला पुठ्ठ्याचे नंबर देत होत्या. त्यांनी मला पाच नंबर दिला.

"कुटनं आलाव?"

"चिपळूणहून."

"आगं बाई, लई लांबनं की! इतक्या लांबनं दाखवायला आलाव? काय होतंय?"

"रक्तदाब," मी म्हणालो. दुसरं काही तोंडातून येईना.

"बसा. आदी पानी प्या." त्यांनी माठातलं पाणी तांब्यात आणून दिलं. "घाबरू नगा. माजी लेकच हाय डाक्टर. हात लई गुनाचा हाय तिचा."

मी पाणी प्यालो. पायऱ्या पुसताना मान वर न करणारी बाई ती हीच. मी शेकडो लोकांसमोर तिच्याबद्दल बोललो होतो आणि तिचा चेहरा आज पहिल्यांदा बघत होतो. बाकावरून उठून निघून जावं असं मला दोनदा वाटलं. दुसऱ्या वेळी मी खरंच उठलो होतो. तेवढ्यात "पाच नंबर" अशी हाक आली.

सुनंदा तिशीची असेल. तिने मान वर न करता पट्टा माझ्या दंडाला बांधला.

"काय त्रास होतोय, काका? ... एकशे साठ, शंभर. गोळी चुकली का?"

"नाही. घेतली आहे."

"नाव सांगा."

"विनायक घाग. चिपळूण."

तिचं पेन थांबलं. मग तिने नाव लिहिलं, त्यापुढे आकडे लिहिले.

"बाहेर तीन पेशंट आहेत," ती म्हणाली. "ते होऊ देत. तोवर तिथे स्टुलावर बसा. बोलू नका. परत मोजायचंय."

मी कोपऱ्यात बसलो आणि अर्धा तास तिचं काम बघितलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा खोकला थांबत नव्हता. तिने त्यांना कानडीत काही विचारलं आणि मग मराठीत सुनेला सांगितलं की त्यांची बाज चुलीजवळून हलवा, आजच हलवा, मग औषध चालेल. एका बाळंतिणीशी ती बाळाबद्दल बोलत होती, पण बघत होती बाळंतिणीच्या डोळ्यांकडे. दोन प्रश्नांत तिने त्या बाईला रडतं केलं आणि मग रडू दिलं. मी तीस वर्षं हेच काम करतो आहे. मला ते इतक्या लवकर दिसलं नसतं. भिंतीवर पदवीचं प्रमाणपत्र होतं. त्याच्या शेजारी दुसरी चौकट मावेल एवढी जागा रिकामी होती.

तिसरा पेशंट गेल्यावर तिने दार लोटलं आणि परत पट्टा बांधला.

"एकशे सत्तर," ती म्हणाली. "वाढलंय." मग पट्टा सोडवत तीच आधी बोलली. "सर, तुमचा दोष नाही, हे मी तुम्हांला कधीतरी कळवणारच होते. पत्र पाठवल्यावर मी चार दिवस विचार करत बसले. त्या वेळी लगेच मेसेज केला असता तर अंक गेला नसता. आईचं काम माझ्या त्या चार दिवसांनी घालवलं."

मी बसमध्ये माफीची वाक्यं जुळवून आणली होती. त्यांतलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. तिने मला मोकळं करून टाकलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं, आणि एक क्षण मी तेच करणार होतो. हे लिहिताना हात जड होतो, पण तो क्षण होता.

"अंक गेला नव्हता," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"तुमचा मेसेज सोमवारी दुपारी आला. पानं मंगळवारी दुपारी गेली. एक वाक्य काढायला आणि मथळा बदलायला मला दहा मिनिटं लागली असती."

"मग का नाही काढलंत?"

"ते वाक्य चांगलं होतं."

बाहेर कुणीतरी कोंबडं हाकलत होतं. सुनंदाने पट्ट्याची गुंडाळी केली, ती सुटली, तिने परत केली.

"दोन वर्षं," ती म्हणाली. गुंडाळी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "आईला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. आत्ता, माझ्यासमोर."

तिने आईला हाक मारली. त्या हात पुसत आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी उभा राहिलो. मी कोण, पत्र कुठे छापलं, मेसेज कधी आला, उत्तरात काय खोटं लिहिलं, सगळं सांगितलं. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"म्हंजे पोरीनं वेळेवर सांगितलं हुतं?"

"हो, ताई."

"आनि तुमी आयकलं न्हाय."

"नाही ऐकलं."

त्या लेकीकडे वळल्या. "आयकलंस? मी काय म्हनत हुते तुला?" मग माझ्याकडे. "दोन वर्सं ही माज्यासंगं धड जेवाया बसली न्हाय. माज्यामुळं तुजं काम गेलं, म्हनती. आवो, झाडू काय कुटंबी मारता येतो. माज्या कामाचं मला एवडं न्हाय. पर हिचं शिक्षान गेलं. आनि वर ही सवताला खात बसली. त्ये कुनी भरून द्यायचं?"

मी माफी मागितली. ते शब्द त्या खोलीत फार लहान वाटले. त्यांनी ते घेतलेही नाहीत आणि परतही दिले नाहीत.

जेवायची वेळ झाली होती. आतून भाकरीचा वास येत होता. त्यांनी एकदा आत बघितलं आणि एकदा माझ्याकडे.

"आमच्या दारातनं मानूस उपाशी जात न्हाय," त्या म्हणाल्या. "पर तुमी जेवून जावा, असं आज मला म्हनवत न्हाय."

"बरोबर आहे तुमचं."

"बरोबर हाय का न्हाय मला ठावं न्हाय. तोंडातनं निगंना, एवडंच."

सुनंदा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. माझ्यासाठी नसावी. तिला बाहेर यायचं होतं. वडापची वाट बघत आम्ही चिंचेखाली उभे होतो.

"मी काय करू?" मी विचारलं.

"छापा. त्याच मासिकात, पहिल्या पानावर. माझं नाव नको. तुमचं टाका." मग विचारलं, "अजून पत्रं येतात का तुमच्याकडे मुलांची?"

"येतात."

"छापायच्या आधी पान त्यांना दाखवा. आणि त्यांनी 'नको' म्हटलं तर नको."

गाडी आल्यावर तिने हातातली चिठ्ठी पुढे केली. गोळीचं नाव लिहिलं होतं, डोस बदललेला. "तुमच्या डॉक्टरांना दाखवा," ती म्हणाली. "फॉलोअपला इथे येऊ नका. लांब पडेल."

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. सोलापूर स्टँडवर भजी तळत होते, पण मी घेतली नाहीत. मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याच्या बागा, सगळं उलट्या बाजूने आलं. सत्काराची चादर पिशवीत वर होती. ती खाली दडपून ठेवली, तरी पिशवीचं तोंड मिटेना. घाट उतरताना आमची गर्द झाडी दिसू लागली आणि नेहमीसारखं बरं वाटलं नाही. इतक्या झाडीत माणसाला लपणं सोपं जातं, असंच मनात आलं.

पुढच्या अंकासाठी मी सगळं लिहिलं. संपादक मंडळात दोन तास वाद झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की 'तांत्रिक चूक झाली' एवढं पुरे, संघटनेचं नाव कशाला खराब करायचं. मी म्हणालो की तांत्रिक काहीच झालं नव्हतं. शेवटी मजकूर सुनंदाला पाठवला, तिने दोन ओळी खोडल्या, आणि राहिलेला पहिल्या पानावर लागला. पत्रांचं पान आता दोन शिकाऊ डॉक्टर बघतात. त्यात मी हात घालत नाही. अधिवेशनातल्या त्या ओळखपत्र झाकणाऱ्या मुलीचं पत्र मधल्या काळात आलं होतं. तिला मी कळवलं की 'शंभर टक्के' हा शब्द मी मागे घेतो आहे, आणि का घेतो आहे. तिने आपलं पत्र परत मागितलं. मी ते परत केलं. माझी भाषणांची बोलावणी थांबली. डॉ. बिराजदारांनी आणि संघटनेने मिळून सुनंदाच्या लॉगबुकवरच्या त्या सहा महिन्यांच्या सह्यांसाठी अर्ज केला आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि आलं तरी गेलेली दोन वर्षं त्यात नसतील.

प्रवासाहून आलं की लोक काय पाहिलं ते विचारतात. मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दुःखाला जागा मिळवून देतो असं समजत होतो. त्या दुःखावर मी स्वतःची जागा मिळवली होती, हे मला बघायला चारशे किलोमीटर जावं लागलं. शरम वाटते, असं म्हणणं सोपं आहे. शरम वाटून झाल्यावरही ती बाई कामाला परत लागत नाही, हे तिच्या दारात उभं राहिल्यावर कळतं.

अंक निघून तीन आठवडे झाले असतील. दुपारी दवाखान्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मी उचलला.

"डाक्टर घाग का? मी सुनंदाची आई."

मी खुर्चीवरून उभा राहिलो.

"लेकीनं वाचून दाखिवलं. दोनदा वाचाया लावलं मी तिला."

"हो, ताई."

"झालं हुतं तसंच लिवलंय. कमी न्हाय, जास्त न्हाय."

मी वाट बघितली. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी कानडीत हाक मारत होतं.

"तेवडंच सांगायचं हुतं," त्या म्हणाल्या. "ठिवते."